वास्तूचे चित्र की कीर्तीचे?

सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात एके काळी देवादिकांच्या तसबिरी असत. पुढे त्यांच्या शेजारी देशभक्त आले, आणि आता त्या जागी सुप्रसिद्ध वास्तूंची मोठमोठी छायाचित्रे लागू लागली आहेत. वेरूळचे कैलास, बीबी का मकबरा, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आग्र्याचा ताज. काळी चौकट, सभोवार पुष्कळशी कोरी जागा, आणि खाली छायाचित्रकाराची सही. या प्रकारास कलाछायाचित्र असे भारदस्त नाव मिळाले आहे. तसबिरी बदलल्या याचे आम्हांस मुळीच दुःख नाही. घरात एखादे चांगले चित्र असावे ही इच्छा सुसंस्कृतपणाचीच खूण होय. आमची तक्रार निराळी आहे. ही चित्रे वास्तूची म्हणून घरात येतात, पण त्यांत वास्तू फार थोडी असते. असते ती त्या वास्तूची कीर्ती. आणि ही कीर्ती निष्कलंक दिसावी म्हणून वास्तूच्या अंगचे जे जे खरे ते ते चित्रातून पुसून टाकलेले असते. आरोप कडक आहे, हे आम्ही जाणून आहो. तो सिद्ध करण्याची जबाबदारीही आमचीच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. छायाचित्रण ही कला आहे की नाही, हा जुना वाद उकरून काढण्याची आम्हांस हौस नाही. चित्र यंत्रातून निघते म्हणून ते कला नव्हे, असे म्हणणाऱ्याने वीणेलाही खुंट्या आणि तारा असतात हे ध्यानात घ्यावे. आमचा प्रश्न या कलेने आपल्या विषयाशी कसे वागावे एवढाच आहे. डोंगराचे चित्र घेणाऱ्यापुढे केवळ डोंगर असतो; त्या डोंगराला कोणास काही सांगावयाचे नसते. वास्तूचे चित्र घेणाऱ्यापुढे मात्र दुसऱ्या कलावंतांची, शेकडो हातांची, पूर्ण झालेली कृती उभी असते, आणि तिला स्वतःचे असे म्हणणे असते. गवई दुसऱ्याने बांधलेली चीज गातो, तेव्हा तो ती आपल्या गळ्याने गातो, आपल्या आलापांनी सजवितो, आणि त्यात त्याचे स्वातंत्र्य पुरेपूर दिसते. पण त्याने रागच मोडला तर ऐकणारे त्यास स्वातंत्र्य म्हणत नाहीत. वास्तूचा छायाचित्रकार याच नात्याने बांधलेला आहे, आणि हे नाते तो आज विसरत चालला आहे.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, बीबी का मकबरा घ्या. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. हिच्या जवळ जाऊन पाहणाऱ्यास पहिली गोष्ट दिसते ती ही की, संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्यापाशीच थांबतो. त्याच्यावर आपल्या दख्खनचा काळा दगड, दगडावर घोटून घोटून गुळगुळीत केलेला चुना, चुन्यात उठवलेली वेलबुट्टी, आणि अगदी वर घुमटाला पुन्हा संगमरवर. हा सांधा म्हणजेच मकबऱ्याचे खरे चरित्र. ताजची आठवण बाळगणारे, पण ताजइतकी सढळ तिजोरी नसलेले बांधकाम दख्खनच्या मातीत आले. आणि येथील चुन्याच्या कारागिराने संगमरवराशी काय झुंज दिली, ते या सांध्यावर वाचता येते. आता कलाछायाचित्रकार काय करतो? तो सूर्यास्तानंतरची निळसर वेळ गाठतो. त्या उजेडात संगमरवर आणि चुना एकाच रंगाचे होतात, सांधा नाहीसा होतो, आणि समोरच्या हौदाच्या पाण्यात एक मोत्यासारखे स्वप्न तरंगू लागते. पाहणारा म्हणतो, 'वा! अगदी ताजच!' मकबऱ्याचा याहून मोठा अपमान आम्हांस सुचत नाही. जी वास्तू 'मी ताज नाही, मी दख्खनची आहे' असे आपल्या प्रत्येक थराने सांगते, तिच्या तोंडून तेवढेच नेमके काढून घेतले गेले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने आखलेली आगगाडीच्या स्थानकाची ती इमारत १८७८ पासून सुमारे दहा वर्षे बांधली जात होती, आणि २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत तिचे नाव गेले. स्थानक ही वस्तूच अशी की, गर्दी हा तिचा प्राण. पण भिंतीवर लावण्यासाठी निघणाऱ्या तिच्या चित्रांत माणूस बहुधा नसतो. कॅमेरा तिपाईवर ठेवून, भिंगावर काळी काच चढवून, किंवा रात्रीच्या अंधाराचा आधार घेऊन, पडदा बराच वेळ उघडा ठेवला की चालणारी माणसे चित्रात उमटतच नाहीत. मोटारी तेवढ्या दिव्यांच्या लाल-पिवळ्या रेघा होऊन उरतात. दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हाही असेच झाले होते. सारी वर्दळ नाहीशी झाली, आणि जोड्यांना पॉलिश करवून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक गृहस्थ तेवढा उमटला. तो पट्टीचा दुबळेपणा होता, आणि त्या एका माणसाच्या उमटण्याचे जगाला आजतागायत कौतुक आहे. आमच्या काळी क्षणाच्या हजाराव्या भागात माणूस टिपणारे यंत्र हाती असता, तोच दुबळेपणा अलंकार म्हणून मिरविला जातो, याला काय म्हणावे? लक्षावधी लोक ज्या दारातून रोज पोटासाठी आत-बाहेर करतात, ते दार ओसाड दाखविणे म्हणजे पंढरीचे वाळवंट वारकऱ्यांवाचून दाखविण्यासारखे होय.

तिसरे उदाहरण वेरूळच्या कैलासाचे. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी, आठव्या शतकात, हे देऊळ डोंगर वरून खाली उतरवीत कोरले गेले. मागचा कडा सुमारे शंभर फूट खोल आहे. त्याचे लोकप्रिय चित्र वरच्या कड्यावरून घेतलेले असते, आणि खरे पाहता या कोनात एक मोठा अर्थ दडलेला आहे. भक्ताला कैलास खालून, द्वारातून, मान वर करून दिसतो. पण पाथरवटाने तो प्रथम वरूनच पाहिला, कारण पहिला घाव तेथेच बसला. हे ज्याला ठाऊक आहे तो छायाचित्रकार कड्यावर उभा राहून छिन्नीच्या उभ्या खुणा दाखवील, दगड कोठवर काढला आणि कोठे राखला ते दाखवील, आणि खाली अंगणात मुंगीएवढी माणसे राहू देईल, म्हणजे त्या खोलीची छाती दडपविणारी जाणीव आपोआप होईल. प्रत्यक्षात होते काय? रुंद कोनाच्या भिंगाने सारे देऊळ एका चौकटीत कोंबले जाते, अंगण रिकामे होईपर्यंत वाट पाहिली जाते, वर कोठल्या तरी दुसऱ्याच दिवसाचे ढग चिकटविले जातात. मापाला माणूस नसल्यामुळे डोंगरात कोरलेले ते प्रचंड शिल्प मेजावर ठेवावयाच्या खेळण्याएवढे भासते. असे चित्र पाहून वेरूळला गेलेला मनुष्य 'हे एवढे मोठे असेल अशी कल्पना नव्हती' असे म्हणतो. ही छायाचित्रकाराच्या पराभवाची पावती आहे, आणि ती फाडून टाकावयास कोणी तयार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. कलावंत स्वतंत्र असतो; चित्रकार झाड हलवितो, ढग बदलतो, मग छायाचित्रकारालाच ही बंदी का? उत्तर सोपे आहे. चित्रकार 'हे असे होते' असे सांगत नाही, आणि आपणही त्याच्याकडून ते मागत नाही. छायाचित्राची गोष्ट वेगळी. समोरच्या वस्तूवरून आलेला उजेडच तेथे उमटलेला आहे, या श्रद्धेने आपण त्याच्याकडे पाहतो. छायाचित्रकार ही श्रद्धा भांडवल म्हणून वापरतो. तिच्यावाचून त्याच्या चित्राला ती जरब येणारच नाही. मग त्या भांडवलाचा हिशेब त्याने द्यावा, यात जुलूम कसला? अमेरिकेतील नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड छापले. मूळ चित्र आडवे, मुखपृष्ठ उभे. म्हणून यंत्राच्या साहाय्याने एक पिरॅमिड दुसऱ्याजवळ सरकविण्यात आला. साडेचार हजार वर्षे ज्यांना कोणी हलवू शकले नाही ते पिरॅमिड मासिकाच्या आकारापुढे हलले! त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता. तेव्हा जे करण्यास खर्चिक यंत्र लागले ते आज खिशातल्या दूरध्वनीवर बोटाच्या एका स्पर्शाने होते. म्हणूनच गदारोळ थांबला आहे. सवयीने लाज गेली, म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक तुच्छतेने केला जातो. वास्तू आहे तशी दाखविणे हे पुराणवस्तू खात्याच्या कारकुनाचे काम, कलावंताचे नव्हे, असे म्हणतात. असे म्हणणाऱ्यांना आपल्याच कलेचा इतिहास ठाऊक नसावा. १८५१ मध्ये फ्रान्सच्या सरकारी स्मारक-आयोगाने बाल्दुस, ल ग्रे, ल सेक, बायार व मेस्त्राल या पाच जणांना देशभर धाडले. काम अगदी खात्याचे होते: कोणत्या जुन्या इमारतीस दुरुस्ती हवी आहे, तिची स्थिती टिपून आणावयाची. सरकारने ती चित्रे प्रसिद्धही केली नाहीत, तशीच ठेवून दिली. पण आज वास्तूच्या छायाचित्रणाचा पाया म्हणून जगभरच्या कलासंग्रहालयांत त्यांचीच नावे घेतली जातात. नोंद आणि कला यांची भांडी त्यांनी निराळी ठेवली नव्हती.

आणि फ्रान्सपर्यंत तरी का जावे? मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होता, त्याच संस्थानचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ हे आमचेच पूर्वसूरी होत. मीरतजवळच्या सरधना येथे १८४४ मध्ये जन्मलेला हा मनुष्य रुरकीच्या टॉमसन महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागला. नकाशे आणि अंदाजपत्रके यांत त्याचा हात मुरला, आणि मग त्याने कॅमेरा उचलला. सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्याने मध्य भारतातील स्मारके टिपली. १८८६ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. पुढे सहाव्या निजामाने त्यास पदरी घेतले. दीनदयाळांची चित्रे पाहावीत. खांब सरळ, रेषा न रेषा स्वच्छ, आणि कित्येक ठिकाणी कोपऱ्यात एखादा मनुष्य शांतपणे बसविलेला. तो मनुष्य शोभेचा नव्हे. त्याच्यावरून दाराची उंची कळते. अंदाजपत्रक करणाऱ्याचा हा डोळा, आणि त्याच डोळ्याने ही चित्रे सुंदर केली आहेत. त्यांना कारकून म्हणण्याचे धाडस कोण करील?

आमचे म्हणणे 'प्रत्येक चित्रात माणसांची गर्दी हवी' असेही नाही. इंग्लंडच्या फ्रेडरिक इव्हान्स याने १९०३ मध्ये वेल्स येथील कॅथीड्रलच्या जिन्याचे जे चित्र घेतले, त्यात एकही मनुष्य नाही. परंतु शतकानुशतकांच्या पावलांनी झिजलेल्या त्या पायऱ्या लाटांसारख्या वर चढत जातात, आणि माणूस नसता सारी माणसे तेथे हजर असतात. हा इव्हान्स चित्रात मागाहून हात घालण्याच्या विरुद्ध होता. योग्य उजेडाची वाट पाहणे हेच त्याचे कसब. रिकामेपणा वास्तूतून आला तर तो अर्थपूर्ण होतो. छायाचित्रकाराच्या अडचणीतून किंवा आवडीतून आलेला रिकामेपणा मात्र नुसता ओसाडपणा ठरतो. सौंदर्याला आमचा विरोध नाही, सौंदर्याच्या नावाखाली चालणाऱ्या झाकपाकीला आहे, हे येथे स्पष्ट व्हावे.

आता कीर्तीकडे वळू. आम्ही हे किनवटहून लिहीत आहो. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, नंतर नांदेडला जोडला गेला. म्हणजे नकाशावर नेहमी कडेलाच. पैनगंगेच्या काठी, सागवानी जंगलाच्या सोबतीने राहणाऱ्या आमच्यासारख्यांना प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध यांतले अंतर चटकन जाणवते. येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर माहूर आहे. रेणुकामातेचे देऊळ, डोंगरावर पसरलेला किल्ला, खडकात कोरलेली पांडवलेणी, सारे एकाच मुक्कामी. यात्रेला येणारी कुटुंबे हजारो, त्यांच्या खिशातले कॅमेरेही तितकेच. पण कलाछायाचित्रांच्या चौकटीत माहूरचा किल्ला आमच्या पाहण्यात आलेला नाही. देगलूर तालुक्यातील होट्टलचे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर, कंधारचा किल्ला आणि तेथील भग्न महामूर्तीचे अवाढव्य अवशेष, औसा तालुक्यातील खरोशाची लेणी, यांचीही तीच कथा. खरोशाची लेणी तर जांभ्या दगडात कोरलेली आहेत. वेरूळच्या काळ्या दगडाची चिवट प्रकृती तिला लाभलेली नाही. वेरूळचे हजारावे चित्र यंदा न निघाले तरी पुढच्या वर्षी निघेल. खरोशाच्या भिंतीवरचे जे काही यंदा दिसते ते पुढच्या पिढीला दिसेलच, अशी हमी कोण देणार?

औंढा नागनाथ येथे आणखी एक गंमत दिसते. देवळाचा खालचा भाग यादवकालीन, कोरीव, हत्तींच्या ओळींनी गजबजलेला. वरचा भाग मागाहून बांधलेला, चुन्याचा, रंग दिलेला. कलावंत म्हणविणारा कॅमेरा येथे आलाच तर तो वरचा भाग कापतो, आणि खालची नक्षी तेवढी चौकटीत धरतो; कारण 'प्राचीन' विकते, 'मागाहूनचे' विकत नाही. पण देऊळ मोडले तरी लोकांनी ते सोडले नाही, मिळेल त्या साधनाने पुन्हा उभे केले, हा त्या वास्तूचा सर्वांत मोठा पराक्रम त्या कापलेल्या तुकड्यातच होता.

कोणी म्हणेल, अप्रसिद्ध वास्तूंना कोणी पाहत नाही म्हणून त्यांची चित्रे निघत नाहीत. आम्ही म्हणतो, चित्रे निघत नाहीत म्हणून कोणी पाहत नाही. आणि कोणी पाहत नाही म्हणून डागडुजीचा पैसाही तिकडे वळत नाही. हे चक्र कोठे तरी तोडावयाचे तर ते कॅमेऱ्यानेच तोडता येईल, कारण ते बव्हंशी कॅमेऱ्यानेच फिरविले आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलप्रती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण याच गिलने लेण्यांची आणि देवळांची छायाचित्रेही घेतली होती. ती १८६४ सालीच पुस्तकरूपाने निघाली होती, आणि म्हणून उरली. वास्तू आणि तिची प्रतिकृती दोन्ही नश्वर आहेत, हे या गोष्टीवरून ध्यानात यावे.

नश्वरता म्हणजे काय, हे नांदेड-लातूरकडच्या माणसास शिकवावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मातीत बसविलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे, हेच त्यांच्या मृत्यूचे कारण झाले. त्या घरांची भलावण करण्याचा आमचा उद्देश नाही. ज्या घराने आपली माणसे मारली त्याचे काव्य करणे निर्दयपणाचे होईल. परंतु कित्येक पिढ्या या मुलखातील माणूस कसा राहिला, भिंत कशी रचली, माळवदाचा भार कोठे टाकला, हे सांगणारी ती वास्तुरचना गावेच्या गावे नव्या जागी गेल्यावर एका फटक्यात इतिहासजमा झाली. तिचे नीट, मापासकट, उजेडाची वाट पाहून घेतलेले चित्र किती जणांपाशी आहे? ती घरे प्रसिद्ध नव्हती. प्रसिद्ध झाली ती मोडल्यानंतर, आठ दिवस, वर्तमानपत्रांतून. कलेने त्यांच्याकडे पाहिले नाही आणि वृत्तपत्राने फार उशिरा पाहिले.

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत, आणि त्या अवघड नाहीत. एक: वास्तूच्या चित्राखाली सहीबरोबर दिवस, वेळ आणि चित्रातून काय काढले वा घातले याची एक ओळ असावी. तुपाच्या डब्यावर आत काय आहे याची पाटी लागते. कलेला तुपाहून हलके का लेखावे? दोन: वास्तूचे माप कळेल असे काही तरी, माणूस, गाय, पायरी, पणती, चित्रात राहू द्यावे. तीन: ज्याने दहा प्रसिद्ध वास्तू टिपल्या त्याने अकरावी अशी टिपावी की, जिचे नाव सांगितल्यावर लोक 'ही कोठे आली?' असे विचारतील.

चौथी मागणी छायाचित्रकाराकडे नाही, आमच्या वाचकांकडे आहे. हा बाजार गिऱ्हाइकाच्या आवडीवर चालतो, आणि गिऱ्हाईक आपणच आहोत. मुलाबाळांना घेऊन वेरूळला जाणारे कुटुंब तेथे पोचताच कॅलेंडरात पाहिलेलीच जागा शोधू लागते, तोच कोन धरते, आणि चित्राशी देऊळ जुळले की समाधानाने परत फिरते. देवळाची परीक्षा चित्रावरून होते! ही सवय आपण मोडली पाहिजे. भिंतीवर चित्र लावावयाचे तर ते असे लावावे की, घरातील मुलाने विचारावे, 'येथे रंग का बदलला? हा माणूस कोण? ही पायरी अशी का झिजली?' ज्या चित्राला मूल एकही प्रश्न विचारीत नाही आणि पाहुणे फक्त 'सुंदर' म्हणतात, ते कितीही मोलाचे असो, ते भिंतीचा डाग झाकण्यापलीकडे काही करीत नाही.